मोहटोल्याच्या घाटावरची भित्री नाव

मी मोहटोल्याच्या घाटावरची नाव बोलतेय. जरा जवळ या. माझा आवाज तसाही मोठा नाही आणि आज भीतीनं तो आणखी बारीक झालाय. माझा शेपटीकडचा भाग पाण्यात बुडालाय, पुढचा चिखलात रुतलाय आणि पोटात गढूळ पाणी भरलंय. पत्रू नावाड्याचा पोरगा आदेश सकाळीच मोटरसायकल काढून ब्रह्मपुरीला गेला. नवा पत्रा, खिळे आणि डांबर घेऊन तो दुपारपर्यंत येईल. मग मला पालथी घालतील, ठोकतील आणि उद्या माझ्यात पुन्हा माणसं बसवतील.

मला त्याचीच भीती वाटते.

हसू आलं असेल तर हसून घ्या. नाव असून पाण्याला भिणं म्हणजे खाटकानं रक्त पाहून चक्कर येऊन पडण्यासारखंच आहे, हे मलाही कळतं. पण मी काही जन्मतः नाव नव्हते. मी सागाचं झाड होते, पहाडावरच्या जंगलात वाढलेलं. तिथं पाणी म्हणजे पावसाळ्यात वाहणारा एक नाला, आणि तोही दिवाळी झाली की आटायचा. पाण्यावर आयुष्य काढावं लागेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी वाढलेच नसते. झुडूपच राहिले असते, सुखी राहिले असते.

मग एक दिवस माझ्यावर कुऱ्हाड पडली आणि जंगलखात्याच्या डेपोतून माझे ओंडके वडशाला गेले, जलालुद्दीन मिस्त्रीच्या अंगणात. मिस्त्रीचा हात मोठा नामी. हिवाळ्यात नाटकांचा हंगाम सुरू झाला की तो रंगमंच ठोकायचा, उन्हाळ्यात बैलगाड्या आणि नावा करायचा. त्याची बायको खैरुन चहा घेऊन यायची आणि रोज एकच विचारायची, एवढं जड लाकूड पाण्यावर राहील कसं? मिस्त्री हसायचा आणि रंधा मारत राहायचा. मला मात्र तिचा प्रश्न अगदी रास्त वाटायचा. त्याचं उत्तर कुणीतरी नीट द्यावं, म्हणून मी कान देऊन बसायचे.

फळ्या जुळल्या, फटींत चिंध्या ठासल्या, वरून डांबर ओतलं, मोहाचं तेल चोळलं. मला न्यायला मोहटोल्याहून कोलू ढीवर आला. कोलू म्हणजे पत्रूचा बाप, या घाटाचा जुना नावाडी. मिस्त्रीनं त्याला माझ्या मागच्या बाजूला नेलं. डावीकडे, तळाच्या फळीत, एक काळी गाठ होती. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "कोलूभाऊ, या गाठीवर नजर ठेवजो. बाकी नाव तुह्या नातवापर्यंत जाते."

कोलूनं मान हलवली. मी मात्र तेव्हापासून त्या गाठीला विसरले नाही. आपल्याच अंगात आपला वैरी आहे हे एकदा कळलं, की झोप कसली लागते.

घाटावर माझी पूजा झाली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, पुढच्या टोकावर, नाकाडावर, लाल कापड बांधलं. मग चारपाच गड्यांनी मला ढकललं आणि वैनगंगेचं गार पाणी माझ्या पोटाखाली शिरलं. माझी पाचावर धारण बसली. सगळे म्हणाले, पाहा कशी डौलात डुलते. मी डुलत नव्हते, थरथरत होते.

त्या दिवशी कोलूनं घाटाचा नियम पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवला. नियम त्याच्याही बापाच्या आधीचा. नावेत बसल्यावर पाणी शिरलं असं तोंडानं म्हणायचं नाही. म्हटलं की गंगामायला वाटतं आपल्याला बोलावलं, आणि ती वर येते. खरं कारण साधं होतं. कोणी पाणी म्हणून ओरडलं की सगळे घाबरून उभे राहतात आणि सगळे उभे राहिले की नाव कलंडते. पण साध्या कारणासाठी माणूस गप्प बसत नाही, देवाच्या धाकानं बसतो. कोलूला माणसं ठाऊक होती. पाणी पाहायचं ते नावाड्यानं, डालड्याचा डबा घेऊन उपसायचं तेही नावाड्यानं. इतरांनी पाय वर घ्यायचे आणि दुसरं काही बोलायचं.

आणि लोक तो नियम पाळायचे, बरं का. तळाशी ओंजळभर पाणी खेळायला लागलं की बायका लुगडं सावरून घ्यायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, तुमची शेळी व्याली का? पाणी जितकं जास्त, तितका शेळीचा विषय लांबायचा. मला आत हसूही यायचं आणि धडकीही भरायची.

कोलू गेला, पत्रू आला. वर्षं गेली. या तीरावर चंद्रपूर जिल्हा, त्या तीरावर गडचिरोली. मी दिवसातून कितीदा तरी जिल्हा बदलायचे. एवढ्या बदल्या कुठल्या मास्तराच्याही झाल्या नसतील. माझ्यातून नवऱ्या मुली रडत गेल्या आणि पहिल्या सणाला हसत परत आल्या. धानाची पोती गेली, सायकली गेल्या, पुढे मोटरसायकली चढल्या. बाजारच्या दिवशी कोंबड्या, वांगी, तंबाखू आणि भांडणं एकाच फेरीत जायची. हिवाळ्यात नाटकाला निघालेली माणसं मांडीला मांडी लावून बसायची आणि कोणती नटी चांगली यावर नदी संपेपर्यंत वाद घालायची.

माणसांची एक गंमत सांगते. काठावर प्रत्येक जण वेगळा असतो. हा पाटील, तो मजूर, ही सासू, ती सून. नदीच्या मध्यावर गेलं की सगळे एक होतात. बोलणं बंद पडतं, हात माझ्या काठाला घट्ट धरतात. धारेत जरा हेलकावा बसला की मनातल्या मनात नवस सुरू होतात. माय, पोचव, कोंबडा देतो. माय, पोचव, लुगडं नेसवतो. दुसऱ्या काठाला पाय लागला की तो कोंबडा वाचतो आणि लुगडं दुकानातच राहतं. वैनगंगेनं सगळे नवस वसूल करायचे ठरवले असते, तर या भागात एक कोंबडं उरलं नसतं.

मला त्या धरलेल्या हातांची सवय झाली होती. घाम आलेले हात, बांगड्यांचे हात, बिडीच्या वासाचे हात. ते घाबरले की मलाही जरा बरं वाटायचं, कारण मग मी एकटी भित्री नसायचे.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी तुम्हाला जवळ बोलावलं.

इथं नदीवर पूल व्हायच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. रोवणीचे दिवस होते. मोहटोल्याच्या बाया रोज सकाळी पलीकडच्या बांध्यांत धान लावायला जायच्या. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून सगळ्यांनी डोक्यावरून प्लास्टिकच्या खोळी घेतल्या होत्या. खोळी, शिदोऱ्या, गुडघ्याशी धरलेल्या चपला यांत माझा तळ पार झाकून गेला. मागच्या टोकाला उभ्या पत्रूला तो दिसत नव्हता.

गाठीच्या फळीवर सुगंधाबाई बसली होती. वयस्कर, थंड डोक्याची बाई. तिच्या शेजारी गुणाबाई, आणि गुणाबाईच्या पलीकडे तिची नवी सून रीता. रीता राजुऱ्याकडची, कोळशाच्या खाणीजवळच्या गावातली. तिच्या माहेरी नाव नाही, घाट नाही. पहिल्या दिवशी माझ्यात चढताना ती इतकी घाबरली होती की बायांनी तिला दोन्ही हातांनी धरून बसवलं. मला ती पोरगी तेव्हाच आवडली. एवढ्या वर्षांत माझ्याइतकी भिणारी तीच एक भेटली.

अर्ध्या वाटेच्या बरंच अलीकडे गाठ सुटली.

मला ते आधी कळलं. लाकडाचा बारीक टवका निघाला आणि पाण्याची एक गार बोटाएवढी धार आत आली. सुगंधाबाईच्या टाचेला ती लागली. तिनं खाली पाहिलं आणि टाच त्या भोकावर दाबून धरली. काही बोलली नाही. थोड्या वेळानं टाचेच्या बाजूनं पाणी यायला लागलं, तेव्हा तिनं शिदोरीचं फडकं सोडून तिथं कोंबलं. तरी बोलली नाही. शेजारच्या बाईनं ते पाहिलं, पाय वर घेतले आणि विचारलं, कोणाच्या बांधीत किती पऱ्हे, किती रोपं लावायची उरली? दुसरीनं उत्तर दिलं. तिसरीनंही पाय वर घेतले.

मी जड होत चालले होते. पत्रूला वाटलं आज धार जोराची आहे. तो वल्ह्यावर जोर लावत राहिला.

रीतानं पाणी पाहिलं. तिच्यासाठी ते नुसतं पाणी होतं, त्याला कुठला नियम नव्हता. तिनं मान वळवली, पत्रूकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात गुणाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाही, लेकराला गप्प करावं तसा.

"चूप बस, पोरी. नावेत असं बोलत नाई."

रीता गप्प बसली. नवी सून होती, सासूचं ऐकायचं हे ती माहेराहून शिकून आली होती. तिचे डोळे मात्र मोठे झाले होते आणि तिनं माझा काठ असा धरला की तिच्या बांगड्या माझ्यात रुतल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. तिच्या तोंडात शब्द होता आणि माझ्या तोंडात नव्हता, म्हणजे मला तोंडच नव्हतं. तेव्हा ती ओरडली असती तर पत्रूनं डबा उचलला असता, नाव मागे वळवली असती. काठ अजून लांब नव्हता.

फडकं निघालं. मग एकदम सगळं झालं. पाणी मांडीपर्यंत आलं, सगळ्या जणी उठून उभ्या राहिल्या, आणि कोलूनं ज्याची भीती घातली होती तेच झालं. मी कलंडले. आभाळ खाली गेलं आणि नदी वर आली.

माझ्या पालथ्या पाठीला धरून बहुतेक जणी वाचल्या. ढिवरांच्या पोरी, पाण्याशी ओळख असलेल्या. पत्रूनं एकेकीला ओढून माझ्याकडे आणलं. रीताला त्यानं दोनदा शोधलं. ती तिसऱ्या दिवशी खाली, लव्हाळ्यात सापडली.

त्यानंतर गावात पत्रूला कोणी बोल लावला नाही. गुणाबाईलाही लावला नाही, कारण ती काय करून बसली हे फक्त तिला ठाऊक होतं. आणि मला. बायांना वाटलं गंगामायनं नवी सून मागितली. गुणाबाई ते ऐकून घ्यायची आणि उठून जायची.

जलालुद्दीन मिस्त्री तोवर वारला होता. त्याचा मुलगा जिशान येऊन मला पाहून गेला. त्यानं भोकावर पत्र्याचा तुकडा मारला, डांबर लावलं आणि पत्रूला साफ सांगितलं, चाचा, आता हिच्यात रेती भर, माती भर, माणूस बसवू नको. पत्रूनं मला घाटावरच्या करंजाच्या झाडाखाली पालथी घातली. पुढल्या उन्हाळ्यात पूल झाला. पत्रू पुलावरून कधी गेला नाही आणि माझ्याकडेही फिरकला नाही. गेल्या वर्षी तो घरीच, खाटेवर गेला.

करंजाखालची वर्षं माझी सगळ्यात सुखाची. शेळ्या माझ्या पाठीवर चढायच्या, पोरं ढोल वाजवायची, कुत्री पोटाखाली व्यायची. माझ्या फळ्या वाळल्या, फटी पडल्या. लोक म्हणायचे, बिचारी नाव, पाण्याविना झुरते. मी मुळीच झुरत नव्हते.

आणि मग या श्रावणात वरच्या धरणाची दारं उघडली. पूल ठेंगणा, पाण्याखाली गेला. पलीकडे बांध्यांत चिखल तयार, पऱ्हे मोठे होऊन राहिलेले, तिकडच्या शेतकऱ्यांचे फोनवर फोन. आदेश बल्लारपूरला कामावर असतो, तो चार दिवसांसाठी घरी आलेला. लोक त्याला म्हणाले, तुझ्या बापाची नाव आहे ना? पोरगा वाईट नाही. त्याला वाटलं आपण गावाच्या उपयोगी पडावं. त्यानं मला उताणी केली, फटींत डांबर भरलं, पोटावर थापा मारल्या आणि म्हणाला, "पक्की आहे."

थापा मारून नाव कळत नाही, कलिंगड कळतं. पण मी कोणाला सांगणार?

काल सकाळी मला पाण्यात लोटलं. बाया चढल्या. त्यांत दिव्यानी होती, गुणाबाईची दुसरी सून. रीता गेल्यावर मुलाचं पुन्हा लग्न झालं, त्यात आली ती. पत्र्याखालचं लाकूड सडून मऊ झालंय हे मला कळत होतं. धारेत गेल्यावर तो पत्रा राहणार नाही हेही कळत होतं. आणि त्याच पत्र्यावर दिव्यानी बसली. माझ्या सगळ्या फळ्या आतून कापायला लागल्या.

तेवढ्यात घाटावरून गुणाबाई आली. त्या पावसाळ्यानंतर ती कधी घाट उतरली नव्हती. तिनं दिव्यानीला उतर म्हटलं. दिव्यानी म्हणाली, सगळ्याच चालल्या आहेत बाई, रोजी कशी सोडू? गुणाबाईनं वाद घातला नाही. ती पाण्यात उतरली, माझ्यात चढली आणि सुनेच्या शेजारी बसली. तिचा हात माझ्या काठाला लागला तो बर्फासारखा गार होता.

आदेशनं बांबू रोवून मला ढकललं. आम्ही काठापासून थोड्याच लांब गेलो होतो, माझा तळ अगदी कोरडा होता, आणि गुणाबाई बोलली.

"आदेश, नाव फिरव. पाणी शिरून राह्यलं."

एकीनं कपाळाला हात लावला. सुगंधाबाईही तिथं होती, तिनं डोळे मिटून घेतले. कुणीतरी हळूच म्हणालं, गुणाबाई, नावेत असं बोलू नोको. गुणाबाईनं पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं, काठावरच्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. आदेश घाबरला. शहरात राहिला तरी घाटाचंच पोर ते. त्यानं बांबू उलटा लावला आणि मला काठाला आणलं. बाया धडपडत उतरल्या, दिव्यानीही उतरली.

मग त्यानं वाकून तळ पाहिला. हात फिरवला. हात कोरडा निघाला तसा त्याला राग आला.

"कुठी आहे पाणी, बाई? काऊन खोटं बोलली?"

गुणाबाई अजून माझ्यातच बसून होती.

"तवा होतं पाणी," ती म्हणाली. "रीतानं पाह्यलं होतं. ते सांगत होती. मीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. बोलू नाई देल्लं."

सुगंधाबाई पुढे आली, आपली टाच दाखवल्यासारखा पाय पुढे करून म्हणाली, मलेही पाणी दिसलं होतं. मग दुसरी म्हणाली, मलेही. घाटावर एकेक बाई ते बोलत गेली आणि त्या तिथंच चिखलात बसून रडल्या. दिव्यानीनं सासूला हात धरून खाली उतरवलं. काल रोवणीला कोणी गेलं नाही.

मला खुंटीला बांधून ठेवलं होतं. जेवणवेळेपर्यंत पत्रा सुटला आणि मी रिकामीच, काठाशीच, हळूहळू भरून बसले. आदेशनं ते पाहिलं. पण माणसाचं मन विचित्र असतं. रात्री फोन आले, पऱ्हे वाया जातील म्हणून लोक येऊन बसले, आणि सकाळी तो म्हणाला, पत्रा पातळ होता, जाड आणतो. म्हणून तो ब्रह्मपुरीला गेलाय.

हे सगळं सांगण्याचं कारण तेवढंच. जाड पत्रा खिळ्यांवर राहतो, आणि खिळे ज्या लाकडात बसायचे ते लाकूडच उरलेलं नाही. मी पुन्हा धारेत गेले तर कुणाला तरी घेऊन बुडणार. मला बुडायची भीती वाटते, पण त्याहून जास्त भीती वाटते ती त्या घट्ट धरलेल्या हातांची. ते हात माझ्यावरून कसे सुटतात हे मला माहीत आहे. बाबांनो, मला दुरुस्त करू नका. म्हातारी नाव जपून ठेवली म्हणजे माया केली असं नसतं. आणि कुठल्याही नावेत बसा, पायाला पाणी लागलं तर बोला. बसल्या जागी बसून बोला, पण बोला. आम्हा नावांना ते येत नाही.

उन्हं वर आली आहेत. मोटरसायकलचा आवाज अजून नाही. घाट मात्र कुणीतरी उतरतंय. गुणाबाईच आहे. मागे दिव्यानी आहे, तिच्या खांद्यावर कुऱ्हाड आहे. झाड होते तेव्हापासून मी कुऱ्हाडीला भिते, आत्ताही भितेय, खोटं कशाला सांगू. गुणाबाई गुडघाभर पाण्यात उतरली. तिनं माझ्या काठावर तळहात ठेवला आणि दुसरा हात कुऱ्हाडीसाठी दिव्यानीकडे केला.

घाल बाई घाव. माझ्याकडे पाहू नको. डावीकडच्या त्या फळीपासून सुरुवात कर.